बोटांनी चालणे

फरहीन म्हणाली, सेक्टर वीसमधली, फिजिओथेरपीची,
"भिंतीसमोर उभ्या राहा, काकू. बोटांनी वर चाला.
मुंगीसारखं. घाई नाही."

मी कधी हात वर केले नाहीत,
असं मोठ्या तोऱ्यात सांगत आले.
पाणी बिलाच्या खिडकीमागे सव्वीस वर्षं,
सासूबाईंच्या शेवटच्या दुखण्यात चौदा महिने.
आता करावेत म्हटलं
तर डावा खांद्याच्या वर जात नाही.
फ्रोजन शोल्डर म्हणे.
नेरुळच्या या दमट हवेत, जिथे मीठसुद्धा सुकं राहत नाही,
तिथे मी गोठले.

वेणी जमेना, केस कापले.
फळीवरचे डबे खाली आणले,
मग दोरी, मग देव.
घर आधी माझ्या उंचीचं होतं,
हळूहळू खांद्याच्या उंचीचं झालं.
कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही.
इतक्या बेरजा केल्या हातचा धरून धरून,
हा हातचा तेवढा राहून गेला.

सिडकोच्या या घरात मोकळी भिंत एकच,
स्वयंपाकघर आणि मोरीच्या मध्ये, दीड हात रुंद.
तिथे शाल्मलीची उंची आहे.
बालवाडी, पहिली, दुसरी, निळ्या बॉलपेनने.
चौथीच्या रेघेवर फुली, शेजारी माझं अक्षर:
टाचा वर. रद्द.
आणि खाली खरी रेघ, बोटभर बुटकी.
ती त्या दिवशी जेवली नव्हती.

पहिल्या सकाळी माझी बोटं
तिसरीतच अडकली.
पेन्सिलने बारीक खूण केली, तारीख घातली,
गरम पाण्याची पिशवी घेऊन बसून राहिले.
बाहेर धारण तलावात भरतीचं पाणी चढत होतं,
त्याला कुणी तारीख विचारत नाही.

रोज वीस मिनिटं.
वीस मिनिटं कुठून आणायची, हा प्रश्न मी चार दिवस सोडवला,
मग कळलं, ती नळाखाली भांडी भरत उभी असायची,
रिकामीच.

सारसोळ्याची चांगुणा कोळंबी घेऊन आली, दारातून बघत राहिली.
"काय गो बाय, भिंतीला गुदगुल्या करतेस का?"
मग हसली, मग हसायची थांबली.
"माझा खांदा गोठला त टोपली कोन उचलील?"
मी तिलाही शिकवलं. तिची बोटं
सरळ दहावीच्या वर गेली.
मला थोडा राग आला, खोटं कशाला बोलू.

श्रावणात चौथी. रद्द केलेली आणि खरी, दोन्ही.
गणपतीत पुऱ्या लाटल्या आणि परत तिसरीत.
खाली आलेली खूणही लिहायची, फरहीनचा नियम.
मुलं अशी उतरत नाहीत कधी,
त्यांच्या रेघा नुसत्या वर जातात, आणि एक दिवस
"आता नको गं आई" म्हणून थांबतात.
दहावीच्या वर भिंत कोरी आहे.
ती त्यानंतरही वाढली असणार.
मी मोजलं नाही, तिने उभं राहिलं नाही.

पाचवी. पाचवी. पाचवी.
सातवीला दिवाळी आली.
मार्गशीर्षात एकदा, दूध उतू जात होतं म्हणून,
विचार न करता वरच्या फळीवरची सांडशी काढली,
आणि दूध गेलं ते गेलंच,
मी सांडशीकडे बघत राहिले.

आज घरात कुणी नव्हतं.
भिंतीला पाठ लावून उभी राहिले,
डोक्यावर डाव्या हाताने जुनं पासबुक आडवं धरलं,
उजव्याने चाचपत पेन्सिल ओढली.
वळून बघितलं:
शाल्मलीच्या नववीहून थोडी वर, वाकडी,
नाव नाही, इयत्ता नाही.

टाचा जराशा उचलल्या होत्या.
रद्द केली नाही.