नोटा वेचणारी

बाहेर उणे एकतीस.
विनिपेगच्या युक्रेनियन चर्चचं तळघर
आज योरुबा मंडळाचं, रात्री अकरापर्यंत.
दाराशी बुटांचा ढीग, वितळत्या बर्फाचं तळं,
आणि बायका पिशव्यांतून काढतायत
सोनेरी टाचांच्या चपला, कडक कापडाचे फेटे.
एकीचा फेटा दुसरी बांधते, तोंडात टाचण्या धरून;
"हलू नकोस गं," दातांमधूनच.

माझ्या हातात उशीचा अभ्रा.
यंदा मी नोटा वेचणारी.
चौदावं सरलं की हे काम मिळतं:
नाचायचं नाही, मोजायचं नाही, वाकायचं फक्त.

आयानवाले काका महापालिकेचा बर्फ लोटणारा ट्रक चालवतात.
पाळी संपवून थेट आले, भुवया अजून पांढऱ्या,
आणि आधी ढोलाला हीटरपाशी बसवलं,
सर्दी झालेल्या पोरासारखं.
थंडीत कातडं आखडतं, म्हणाले, बोबडं बोलतं.

मग काखेत घेतला. वाद्या आवळल्या, सोडल्या.
अध्यक्ष ओगुनदिपे माइकवर आभार मानत होते,
सतरावे आभार,
तोच ढोल काहीतरी बोलला. चारच शब्द.
निम्मं तळघर खिदळलं,
चाळिशीपुढचं निम्मं.
आम्ही पोरं एकमेकांची तोंडं पाहत राहिलो.
अध्यक्ष खाली बसले.

वाकलेल्या माणसाला सण गुडघ्याखालचाच दिसतो.
तितिलोला मावशीचे सुजलेले घोटे,
म्हाताऱ्यांच्या वॉर्डात बारा तास उभे राहिलेले,
आता जमिनीशी काही बोलतायत, सावकाश,
बिल चुकवून झाल्यासारखे.
एक पाय नुसत्या मोज्यात. टाच तुटली असणार.
कुणा बारक्याचे बूट, टाचेत लुकलुकते दिवे.

आणि वरून नोटा.
इथल्या नोटा प्लास्टिकच्या.
घामेजल्या कपाळाला लावली की क्षणभर राहते,
मग सटकते गालावरून, मासळीसारखी.
इबादानला कागद चिकटायचा, आई सांगते,
घरी जाऊन आरशात सापडायची एखादी.
इथं सगळं माझ्या वाट्याला:
निळ्या पाचाच्या, जांभळ्या दहाच्या,
एक बसचं तिकीट, एक खोटं नख.

वर, खाली, मध्ये, वर.
माझी पाठ सरळ झाली.
पुन्हा. वर, खाली, मध्ये, वर.
शाळेत मी निकी, सपाट, या शहरासारखी.
मोरेनिके, एवढे चढउतार
फक्त आजीच्या फोनवर.
काका समोर उभे, ढोल पोटाला टेकेल इतका जवळ,
आणि नाव संपलं तरी तो थांबेना,
पुढे लांबलचक बोलत गेला,
आणि आई तोंडावर हात धरून
हसत होती, की काय होती.

मी नाचले. वाईट नाचले.
अभ्रा हातात तसाच, दुसऱ्याचं मांजर धरावं तसा.
मावशीनं पाचाची नोट कपाळाला लावली.
सटकली.
मी वाकले, सवयीनं,
आणि सगळे ओरडले, "तू नाही! तू नाही!"
लुकलुकणारे बूट धावत आले,
नोट उचलून अभ्र्यात टाकली.

पार्किंगमध्ये आई गाडीची वायर भिंतीतून उपटत होती.
काय म्हणाला गं तो, नावानंतर?
"तुझ्या आजोबांचं," म्हणाली, आणि थांबली.
"गाडी गरम होऊ दे आधी."

घर आलं तरी गाडी गरम झाली नव्हती.