बद्द

शिरोलीच्या फौंड्रीत सत्तावीस वर्षं.
आधी हिशेब, मग खरेदी,
मग सगळा कारखानाच माझ्या सहीखाली.
कास्टिंग गार झालं की जिनगोंडा तात्या
कान तिरका करून हातोडीचा एकच टोला द्यायचा.
खणखणलं तर ट्रकात.
बद्द वाजलं तर आत पोकळी,
परत भट्टीत.
"भायेरनं समदंच देखणं असतंय, मगदूमबाई.
आवाज तेवढा खोटं बोलत न्हाई."

मग पुराच्या त्या आठवड्यात
थोरल्या दवाखान्याच्या जनरेटरचं डिझेल संपत आलं.
आमच्या शेडमध्ये चार बॅरल होते.
ट्रॅक्टरवर बॅरल चढले, मीही चढले.
बॅरल रिकामे होऊन परत गेले.
मी राहिले.
पुढं दवाखान्याचा कारभारच अंगावर आला.
भावजयीनं पगार विचारला,
ऐकून काही न बोलता
चहा पुन्हा गरम करायला ठेवला.

पहिल्या सोमवारी केसपेपरच्या खिडकीपाशी
स्टॉपवॉच घेऊन उभी होते.
गगनबावड्याहून पहाटेच्या एसटीनं आलेली म्हातारी म्हणाली,
"शर्यत हाय व्हय गं? मग मला फुडं सोड."
खाटांचे तक्ते केले, सलाईनच्या स्टँडांना नंबर घातले,
औषधांच्या कपाटाची किल्ली तीन खिशांतून एका खिळ्यावर आणली.
एकदा मीटिंगमध्ये तोंडून गेलं,
"या महिन्यात रिजेक्शन किती?"
कुणी हसलं नाही.
डॉक्टर शिकलगारांनी पेनाला टोपण लावलं.

छातीच्या वॉर्डात त्या एका पाठीवर
डावा पंजा पसरून उजव्या बोटानं ठोकत खाली येत होत्या.
टण्. टण्. टण्.
बद्द.
तोंड बघायच्या आधी
मला आवाज ओळखू आला.
केसपेपरवर, धंदा : फौंड्री, एकतीस वर्षं.
तात्या वळला, हसायला गेला, खोकला.
"परत भट्टीत का मग, बाई?"

मोल्डिंग विभाग, मास्क, नग एकशे चाळीस.
खाली माझं अक्षर : पुढच्या तिमाहीत पाहू.
पुढच्या तिमाहीत आम्ही
कमानीचं नवीन गेट बांधलं.
ग्रॅनाइटची पाटी होती त्याला.

आता दर मंगळवारी एक्स-रेची गाडी घेऊन जाते,
शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगरचे बोळ.
मालक ओळखीचे. खुर्ची पुसून देतात,
"तुम्ही तर आमच्यातल्याच," म्हणतात.
हो. म्हणून तर कुठलं रजिस्टर
कुठल्या कपाटामागं असतं, ते ठाऊक आहे.
दोघांनी गेट उघडलं नाही.
एकाच्या गेटाला आमच्यासारखीच कमान आहे.

काल संध्याकाळी तात्याच्या खाटेपाशी थांबले.
माफीचं काहीतरी जुळवत होते मनात,
तो माझ्याकडं बघतच नव्हता.
छताकडं बोट केलं त्यानं.
"त्या पंख्याचं बेअरिंग गेलंय.
ऐका की."
मी स्टूल ओढलं.