कॉलम सेंटिमीटर

सेलूच्या तहसीलसमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
दुकानातच पेपरचं तालुका कार्यालय,
म्हणजे एक पाटी, एक खुर्ची
अन् ड्रॉवरमध्ये तीस सेंटिमीटरची स्टीलची पट्टी.
आम्हाला पगार नसतो. छापून येईल तेवढं मोजायचं,
महिनाअखेरीला बिल लावायचं:
बातमी कॉलम सेंटिमीटरवर, जाहिरात पंधरा टक्क्यांवर.

फेब्रुवारीत वीटभट्टीवरचा तो माणूस.
पहिलं पान. बेचाळीस सेंटिमीटर, चौकटीसकट.
नाव, आडनाव, कोणत्या तांड्यावरचा, हेही.
'नराधम' दोनदा.
फोटोत दोन हवालदारांच्या मधे,
तोंडावर फडकं नाही.
पोरीचं नाव अर्थातच नव्हतं.
फक्त भट्टीचं होतं, मुकादमाचं होतं,
अन् 'तिसऱ्या झोपडीत राहणारी' असं होतं.
म्हणजे स्टँडवर गोळ्या विकणाऱ्यालाही कळावं, कोण.
लिहिलं मीच होतं.

त्याच्यावर शाबीत झालं पुढं कोर्टात.
त्याचं मला काही वाटत नाही.
मापाचं वाटतं.

पोळ्याच्या आधल्या आठवड्यात
वसतिगृहातली तीन पोरं बोलली.
त्यांचे कागद माझ्याच मशीनवर निघाले, वकिलासाठी, दोन-दोन प्रती.
काचेखालून उजेड सरकताना
मान वळवली तरी वाचलं गेलंच.
रात्री साडेआठशे शब्द पाठवले.
डेस्कवरून फोन: "अहो, सर आपले आहेत.
परवा साठी आहे त्यांची, पान बुक झालंय.
बघतो, कुठं बसतं ते."

बसलं.
पान पाच, सोयाबीनच्या भावाखाली:
'एका संस्थेतील कथित गैरप्रकाराबाबत चौकशीची मागणी.'
साडेचार सेंटिमीटर. त्यात 'कथित' चार वेळा.
संस्थेला गाव नाही, वाक्यांना कर्ता नाही.
घडल्याचे समजते. सांगण्यात येते. म्हटले जाते.
आठवीला प्रयोग ओळखा असायचं, पाच मार्कांना.
मी पाचही घ्यायचो.
कर्मणी कुणाच्या कामाला येतो
ते मास्तरांनी सांगितलं नव्हतं.

परवा आलं अख्खं पान. रंगीत.
फेटा, शाल, मागं उगवता सूर्य,
खाली शुभेच्छुकांचे चाळीस पासपोर्ट फोटो
अन् शेवटच्या ओळीत, बारीक टायपात:
समस्त विद्यार्थीवृंद.

आठ दिवसांनी एका पोराची माय आली.
तिचं नाव लिहीत नाही, ते कायद्यानं.
सरांचं लिहीत नाही, ते,
सवयीनं म्हणा.
पिशवीत रेशनकार्ड, पोराचा दाखला,
अन् वहीच्या दोन पानांत दाबलेलं कात्रण.
"हे प्लास्टिकमधी घालून द्या. भिजाय नाही पायजे."
"मावशी, ह्याला काय करता ठेवून?"
"एवढंच हाय ना ओ.
हे बी गेल्यावर कोन म्हनंल, झालं म्हनून?"

आयकार्डाचं पाकीट, सगळ्यात लहान,
तेही बातमीला मोठं झालं.
चारी बाजूंनी कोरं प्लास्टिक उरलं.
गरम बाहेर आलं तसं तिनं हातावर घेतलं,
फुंकरलं, कडेवरून बोट फिरवलं,
काउंटरवर वीसची नोट ठेवली.
मी नको म्हणालो. ती ठेवून गेली.

त्या महिन्याचं बिल:
साडेचार सेंटिमीटरचे सत्तावीस रुपये.
पानाचे साडेसात हजार.
दोन्ही एकाच कागदावर, एकाखाली एक,
बेरीज करून.
सही मी केली नाही, असं लिहिणार होतो इथं.

केली.
दुकानाला नवीन शटर बसवलंय.
येता-जाता बघितलं असेल तुम्ही. हिरवं.