एकोणीस

जाताना ह्यांनी सूचना लिहून ठेवल्या,
गॅसच्या पावतीच्या पाठीवर,
बोटीवरच्या फिटरच्या अक्षरात:
हवेचं तापमान बघू नये. ड्रमचं बघावं.
आत काम चालू असतं तेव्हा आतलं
बाहेरच्यापेक्षा तीन-चार अंश वर असतं.
खाली दोनदा रेघ.

नणंदेचा गुडघा बेळगावला, पाच दिवस.
आणि इथे वेंगुर्ल्यात, न्हाणीघरात,
कपडे भिजवायच्या टबात बसवलेला
वीस लिटरचा पांढरा ड्रम,
त्याला गुंडाळलेली ओली लुंगी,
समोर टेबलफॅन.
लुंगी सुकू द्यायची नाही.
टबातला बर्फ सहा तासांनी बदलायचा.
मुलं लहान होती तेव्हासुद्धा
इतकं कुणी लिहून दिलं नव्हतं.

आंबवणं मला नवं नाही.
आंबोळीचं पीठ मी उबेला ठेवते,
थंडीत तर शालीत गुंडाळून.
ह्याला मात्र गारवा हवा,
आणि तोही ऑक्टोबरात,
अंगणात उभं राहिलं तरी
पाठीशी कुणी इस्त्री धरल्यासारखं होतं तेव्हा.
झाकणावरच्या नळीत बुडबुडा येतो,
थांबतो, विचार करतो,
पुन्हा येतो.

रात्री नऊला फोन.
"किती आसा?"
"अठरा."
"बरां."
दुसऱ्या रात्री: "साडेअठरा."
"हं. बर्फ घातलंस?"
लग्नाला एकतीस वर्षं, त्यातली वीस हे बोटीवर.
तेव्हा मला बंदरांची नावं यायची.
आता मी आकडे पाठवते.

तिसऱ्या दिवशी सुरमई लागली.
जेटीवर बर्फाचा एक खडा मिळेना.
कारखान्यातला जयवंता हसला:
"आधी सुरमय, वैनी, मगे तुमचो पेशंट."
फ्रीजमधल्या दोन बाटल्या संध्याकाळीच वितळल्या
आणि फोन होऊन गेल्यावर दिवे गेले.

लुंगी भिजवली. पंखा नाही, म्हणून सुपाने वारा घातला.
पुन्हा भिजवली.
मग न्हाणीच्या उंबऱ्यावर टेकले तेवढंच आठवतं.

जाग आली ती आवाजाने.
बुडबुडा आता विचार करत नव्हता,
एकामागून एक, नुसता धावत सुटलेला.
बॅटरी मारली. ड्रमवरची पट्टी: चोवीस.
हात ठेवला.
ताप असलेलं कपाळ हाताला कळतं,
पट्टी लागत नाही.

मग विहीर. कळशीमागून कळशी,
जुनं पाणी उपसायचं, नवं ओतायचं.
तेवीस. बावीस. बावीसच.
रहाटाच्या करकरीने शेजारचं कुत्रं भुंकलं
आणि कंटाळून गप्प झालं.
सकाळी जयवंता स्वतःच अर्धी लादी घेऊन आला,
काही न बोलता टबात सोडून गेला.

त्या रात्री नऊला:
"किती आसा?"
"एकोणीस."
खोटं नव्हतं. नऊला एकोणीसच होतं.
आदल्या रात्रीचं त्यांनी विचारलं नाही.

दिवाळी उलटल्यावर पहिली बाटली उघडली,
पडवीत, स्टीलच्या पेल्यात.
हे प्यायच्या आधी वास घेत बसले, बराच वेळ.
"केळा," म्हणाले. "वेलची केळा."
मी तांदूळ निवडत होते. निवडत राहिले.
"खयची रात?"
"तिसरी."
"माका वाटलांच. एकोणीस म्हणताना
तू दम घेतलंस."

पेला रिकामा केला. दुसरा भरला
आणि माझ्या सुपाशेजारी ठेवला.
मी पीत नाही.
पण वास घेतला.
केळ्याचाच होता.
आणि थोडा, खोटं कशाला बोलू,
ओल्या लुंगीचा.