उल्हास देऊन मुजफ्फर घेतला

बर्फाच्या कारखान्यामागे, जिथे जाळी सुकतात
आणि मांजरं आपापली जागा धरून बसतात,
तिथे परवापासून एकच विषय आहे.
आमच्या दर्यासारंग संघाने उल्हास खवळे दिला
खाडीपल्याडच्या भैरी क्लबला,
आणि बदल्यात घेतला मुजफ्फर होडेकर,
डावा कोपरा, वय एकतीस,
शिवाय मॅटचे बारा जुने तुकडे.

तुकड्यांपाशी आलं की कमिटी खोकते.

भिवा कुबल म्हणतो, "येडे झालास काय रे?
चढाई म्हणजे उल्हास!
मिठबावात शेवटच्या मिनिटाक
तिघांच्या डोक्यावरसून उडी मारून इलो,
ता काय कोपरो करतलो?"
बोलता बोलता तो वाळूत मध्यरेषा ओढतो,
स्वतःच ओलांडतो,
धापा टाकत परत येतो. वय अठ्ठावन्न.

डिझेलपंपावरचा सायमन शांतपणे विचारतो,
"हरलो कशात आपण? चढाईत? वही बघा."

वही माझ्याकडे असते.
अठरा वर्षं गुण मीच लिहितो,
पेन्सिलीने, पाऊस आला तर पुसू नये म्हणून.
उल्हास खवळे: गुण एकशे चार.
बाद: एकूणसाठ वेळा.
भिवाने एकशे चारवर बोट ठेवलं.
सायमनने एकूणसाठवर.
दोघांनी एकाच पानाकडे पाहिलं
आणि दोघेही जिंकले.

मी काही बोललो नाही.
वहीत दमाचा रकाना नाही.
उल्हास निदान रेषेपाशी ओणवा व्हायचा,
त्याचा तो एकसुरी कबड्डी-कबड्डी
जेटीवरच्या बायकांना ऐकू जायचा,
आणि तराजू थांबायचे.
हे कुठे लिहिणार?

शेवंती तारी लिलाव संपवून आली,
कमरेला पैशांची पिशवी, हाताला खवले.
"सुरमय दिलास आणि काय घेतलास,
ह्या सकाळी काय बोलतास?
टोपलेतलो बर्फ इरगळांदे.
मगे वास सांगतलो, सौदो कसो झालो तो."
मग तिने भिवाकडून मागच्या आठवड्याचे
चाळीस रुपये मागितले
आणि सभा थोडी पांगली.

संध्याकाळच्या तरीने मुजफ्फर आला.
एका खांद्यावर पिशवी, एका गुडघ्याला पट्टा,
मागे तरीत रचलेले ते तुकडे,
निळे, कडेला कुरतडलेले,
उंदरांनी की कोपरांनी, कळत नव्हतं.
आम्ही वीस-पंचवीस जण
सहज आल्यासारखे उभे होतो.
त्याने मैदान पाहिलं नाही, आम्हालाही नाही.
विचारलं, "उजवा कोपरा कोण?"
भिवाचा पुतण्या पुढे झाला, एकोणीस वर्षांचा, लाजरा.
मुजफ्फरने त्याचा हात हातात घेतला,
ओढून पाहिला, सैल सोडला, पुन्हा ओढला,
नवा दोर घेताना आपण घेतो तसा अंदाज.
मग दोघे तसेच,
हात न सोडता, मागे सरकत गेले.

पहिली चढाई भिवानेच केली. हट्टाने.
घोटा कधी धरला गेला ते त्याला
पडल्यावर कळलं.
उठताना तो म्हणाला, "पकड बरी असा."
चप्पल शोधत म्हणाला, "पण उल्हास तो उल्हास."

आज पहाटे जेटीवर उल्हास भेटला.
क्लब पल्याडचा झाला तरी
मामाचा ट्रॉलर अल्याडच आहे;
गेले तीन दिवस तो तिथेच होता,
आमच्यापासून दहा हातांवर,
जाळ्याच्या ढिगामागे, पाठमोरा.
सगळं ऐकलं असणार.
एकशे चारही. एकूणसाठही.

मी वही काखेत दाबून पुढे निघालो होतो.
त्याने मान वर न करता विचारलं,
"मॅटचे तुकडे किती दिल्यानी?"

"बारा."

सुई थांबली.
"माका धा सांगलेले," तो म्हणाला,
आणि फाटक्या जाळ्याचा पुढचा डोळा
जरा घट्ट ओढला.