शेऱ्याचा रकाना

नमुना नऊच्या टोकाला
शेऱ्याचा रकाना आहे, दीड बोट रुंद.
लस भांडारात सव्वीस वर्षं मी तो भरला:
निरंक. निरंक. निरंक.

शालन कुरणे महिन्याच्या एक तारखेला
गगनबावड्याच्या गाडीनं रंकाळा स्टँडला उतरायच्या,
चपलांना तांबडी माती, पिशवीत अहवाल.
त्या दिवशी मी कुपी हलवून बघत होतो.
गोठलेली लस एकदा वितळली
की कितीही हलवा, साका झटकन तळाशी बसतो,
वर निवळशंख पाणी.
त्या निवळीला भुलायचं नसतं.

बाई म्हणाल्या, "ह्यो आकडाबी तसलाच हाय बघा."
वरचा धनगरवाडा: मुलं अकरा, नकार अकरा.
"नकार न्हवं ओ. बुधवारी आपलं सत्र,
आन् बुधवारीच खालचा बाजार.
बाया खवा घेऊन उतरत्यात, पोरं पाठीशी.
दाराला काठी आडवी.
काठी काय नकार देती व्हय?"

फॉर्मात पर्याय तीनच होते,
नकार, आजारी, स्थलांतरित.
दीड बोटात बाईंचं बोलणं मावेना.
मी समासात गेलो, समासातून पानामागे.
साहेब म्हणाले, हे काय भारूड?
तरी सही केली.

पुढचं मला ऐकून माहीत.
कागद पुण्याला गेला, पुण्याहून दिल्लीला,
राष्ट्रीय समन्वय समितीच्या टेबलावर,
विषय क्रमांक सात, वेळ चार मिनिटं.
कुणी म्हणालं असेल, एका वाड्यावरून धोरण ठरवायचं?
कुणी चष्मा पुसत विचारलं असेल,
देशात असे नकार किती,
ज्यांच्या दाराला नुसती काठी आहे?
मग ओडिशाचा कागद निघाला असेल, मेघालयाचा,
चहा निवला असेल.
ती खोली मला आमच्या शीतपेटीसारखी वाटते:
गरम झाली तर माल नासतो,
फार गार झाली तरी नासतो.

दोन वर्षांनी परिपत्रक आलं.
परिशिष्ट ब, पर्याय चौथा:
'सत्राचा वार गैरसोयीचा. लाभार्थ्यांशी विचारविनिमय करून
सुधारित वार निश्चित करण्यात यावा.'
शालनबाईंना फोनवर वाचून दाखवलं.
"म्हंजे गुरवारी जा म्हनत्यात."
हो.
"ठकूबाई झोरे पयल्या फेरीलाच म्हनली हुती,
गुरवारी या की."

त्या गुरुवारी मीही वर गेलो, पहिल्यांदाच.
पेटी खांद्यावर, तीनदा बसलो चढणीला.
यंदा मुलं नऊ. नऊच्या नऊ आली,
रडली, आयांच्या पदराला नाकं पुसली.
ठकूबाईनं ताक दिलं.
तिचा बिरू कुंपणापाशी
करडाला कवळ धरून बसला होता.
तिनं त्याला हाक नाही मारली.
उठून गेली, वळसा घातला,
त्याच्या उजव्या बाजूला उभी राहिली,
मग बोलली.

मधल्या पावसाळ्यात वाड्यावर
गोवर येऊन गेला होता.

परत येऊन नमुना नऊ काढला.
नकार: शून्य.
रकाना आता तीन बोटांचा केलाय वरून,
भरपूर जागा आहे.
साहेब सहीसाठी थांबलेत.
मी अजून काही लिहिलेलं नाही.