अमका

घालाच्या आवारात शुक्रवारी
मल्याळी भक्ती दहाला सुटते,
टागालोग साडेबाराला बसते.
मधला वेळ आमचा. खोली सात,
बावीस मराठी माणसं आणि एक एसी,
जो गीताच्या शेवटच्या कडव्याला हटकून खोकतो.
चपला दाराबाहेर काढायची चाल कुणी पाडली, ठाऊक नाही.
जालन्याहून आली असावी.

शांतवन मास्तर आज त्या परक्या सुनेचं वाचतात,
सासूच्या पाठोपाठ आलेली,
कापणाऱ्यांच्या मागे वाकून जव वेचणारी.
मला पाठ आहे. लहानपणी देवळातल्या नाटकात
मी पेंढी झालो होतो.

शेतमालक भला होता.
पण त्याच्याहून जवळचा एक नातलग होता,
सोडवण्याचा हक्क आधी त्याचा.
वेशीत दहा वडील बसवले, विचारलं: सोडवतोस?
म्हणाला, सोडवतो.
शेताबरोबर बाईही येते, हे कळल्यावर म्हणाला,
माझ्या वतनाचं वाटोळं होईल. तूच सोडव.
आणि चप्पल काढून दिली.

मास्तर चष्मा कपाळावर सारतात:
"इब्री पानावर ह्याला नावच नाही.
पलोनी अलमोनी. म्हणजे आपला, अमका."
लोक हसतात.
मी पाय खुर्चीखाली घेतो.

दीना माझी सख्खी चुलतबहीण.
सीबच्या एका घरातून पळाली,
पासपोर्ट मालकाच्या कपाटात राहिला,
दोन वर्षं शिवणकामवालीच्या माळ्यावर काढली.
माफीची मुदत निघाली. दंड गेला;
मालकाचे सहाशे रियाल गेले नाहीत.
तिने मला फोन केला. बरोबरच आहे,
हक्क आधी माझा.
बघतो, म्हणालो.
मग अंबड रस्त्यावरचा प्लॉट आठवला, त्याचा हप्ता.
बायको म्हणाली, आज दीना, उद्या कोण?
रुवीत शोरमाच्या दुकानाबाहेर उभा राहून
मी दीनाला सांगितलं, नाही जमणार.
उजव्या चपलेचा अंगठा तिथेच तुटला.
हे मी रचत नाही.

पैसे भरले एझ्रा भिंगारदिव्याने.
पाण्याच्या टँकरवर असतो, राहुरीकडचा,
तिच्या ना नात्याचा ना गोत्याचा.
विमानतळावर तिच्या हातात टँगचे सहा डबे दिले,
रिकाम्या हाताने आईकडे जाऊ नये म्हणून.
विचारलं तर म्हणाला, उकाडा फार आहे नाही?

एजंट उकळतो तीही खंडणी,
आणि आपल्या शास्त्रात देव भरतो
तीही खंडणीच. इतकी वर्षं ऐकतोय,
आज शब्द घशात आडवा गेला.

सून सुटली, सासू सुटली, शेत सुटलं.
मांडीवर बाळ आलं, त्याची वंशावळ पुढे कुठवर गेली
ते आम्ही दर नाताळात वाचतो.
वेशीतून एका पायाने अनवाणी
घरी गेलेल्याचं पुढे काय झालं?
मास्तरांना विचारायचं होतं. पान उलटलं.

फोनवर मात्र सकाळपासून एक आवाज पडून आहे,
अठरा सेकंदांचा. भक्तीआधी ऐकायचं धाडस नव्हतं.
आता पार्किंगमध्ये, भाजून निघालेल्या गाडीला टेकून ऐकतो.
मागे कोंबडा, कुकरची शिट्टी, आणि ती:
"शमू, पोहोचले रे मी.
जेवलास का?"

परत दाराशी आलो. सगळ्यांच्या चपला गेलेल्या.
माझ्या दोन्ही कुणीतरी जोडून,
बाहेरच्या दिशेला तोंड करून ठेवल्यात.
अंगठ्याला तांबडा दोरा,
टँकरवाले नळीला बांधतात तसला.